ज्यानं वापरलं त्यानं झाडावं

माझ्या मायच्या हातात त्यांनी स्टेजवर नवा झाडू दिला.

आधी साडी दिली. मग नारळ. मग झाडू. झाडूला लाल रिबीन बांधलेली होती. माइकवरचा माणूस म्हणाला, "गेली कित्येक वर्षं निःस्वार्थपणे ही जागा स्वच्छ ठेवणाऱ्या आपल्या मावशी! जोरदार टाळ्या!" टाळ्या पडल्या. फोटोवाला म्हणाला, मावशी, झाडू जरा वर धरा. मायनं वर धरला. ती हसत होती. आमच्या माणसांना स्टेजवर काय करायचं असतं ते कोणी शिकवलेलं नाही, म्हणून ती हसतात.

कार्यक्रम संपला. माय खाली उतरली. सकाळपासून उभी होती, गुडघे धरले होते. निंबाखाली नवा सिमेंटचा बाक केला होता. ती जाऊन त्यावर टेकली. साडी मांडीवर, झाडू मांडीवर. मी तिच्याजवळ उभी. तेवढ्यात भाऊसाहेब पाहुण्यांना बाग दाखवत तिकडून आले. भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागाचे नगरसेवक. चार गावांत शेती. वरची अख्खी कॉलनी त्यांच्याच शेतात प्लॉट पाडून झालेली. ते थांबले. आवाज अगदी गोड.

"मावशी, बाक बसनाऱ्यायसाठी हाय. तुमी सकाळी झाडाले या."

पाहुणे हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांना त्यात हसण्यासारखं किंवा थांबण्यासारखं काही दिसलंच नाही, ते पुढं निघून गेले. माय उठली. उठली आणि पदरानं बाक पुसला. जिथं ती बसली होती तेवढीच जागा तिनं पुसून काढली.

ती जागा आमची होती. कशी आमची, ते सांगते, कारण पोलिसांपासून पाहुण्यांपर्यंत सगळे मला हेच विचारतात.

आमचं गाव तालुक्याचं. आभाळ स्वच्छ असलं की उत्तरेला सातपुडा दिसतो. गावाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी, आमचा माळीपुरा. नाव माळीपुरा, पण राहतात सगळेच. माळी जास्त, काही घरं शिंप्यांची, काही मांगांची, शेवटच्या गल्लीत मुसलमान. कुणाचा नदीकाठी शेताचा तुकडा, कुणी दुसऱ्याची भाजीची वाडी बटईनं, अर्ध्या वाट्यानं करतो. मेथी, पालक, मुळे, सांबार. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. पुण्याकडचे लोक हसतात, हसू द्या. मोताळ्याचा बाजार कोणत्या दिवशी आणि वडनेरचा कोणत्या दिवशी, हे आमच्या लेकरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

घरं एका खोलीची. त्या खोलीत गॅस, बाज, देव, टीव्ही आणि एक म्हातारं माणूस. पाय पसरायचे तर बाहेरच पसरावे लागतात. ते बाहेर म्हणजे पटांगण. मधोमध मोठा निंब. दुपार कलली की वाडीतून भाजी यायची आणि सगळ्या बायका निंबाखाली जुड्या बांधायला बसायच्या. मेथीची जुडी उन्हात बांधता येत नाही, मान टाकते. खोलीत बांधता येत नाही, गरमीनं पिवळी पडते. तिला सावली लागते आणि वारा लागतो. ही दोन्ही एकत्र असलेली जागा माळीपुऱ्यात एकच होती. तिथं भाजी बांधली गेली तर दुसऱ्या दिवशी बाजार. बाजार झाला तर चूल.

लग्नं तिथंच. कुरडया-पापड तिथंच. मयत झाली तर न्यायच्या आधी तिथंच ठेवायची. कागदावर ती सरकारची मोकळी जागा असेल. पण सरकारनं तिथं कधी पाण्याचा शिपकाराही मारला नाही. निंबाला पाणी घातलं ते आमच्या सासवांनी, डोक्यावर घागर घेऊन. खड्डे भरले ते आमच्या बापांनी, नदीतून मुरूम आणून.

आणि त्या पटांगणाचा नियम एकच. ज्यानं वापरलं त्यानं झाडावं. स्वतःच्या हातानं. मजूर लावून नाही, बायकोला पाठवून नाही. जिनं कुरडया वाळवल्या ती झाडणार. ज्याच्या घरचं लग्न, त्या घरचा बाप झाडणार, तेही पाहुणे जायच्या आत, डोक्यावर फेटा तसाच ठेवून. आमच्याकडे ही मोठी गंमत असते. बायका ओट्यावर उभ्या राहून ओरडतात, "तो कोपरा राह्यला वो पावने! लेकीचं लगन हाय का कोनाच्या बकरीचं?" माझं सासर आणि माहेर एकाच गल्लीत. लेक डोळ्यांसमोरच राहणार होती, तरी माझ्या लग्नात झाडता झाडता माझा बाप रडला. सगळे त्याला हसले, तोही हसला, आणि रडत रडत अख्खं पटांगण झाडून काढलं.

दुसऱ्याच्या वाटचं मात्र झाडायचं नाही. ते फार वाईट. त्याचा अर्थ असा, की तुमच्या घरात झाडायला कोणी जिवंत उरलं नाही. मी लहान असताना अशाच एका झाडण्यावरून दोन घरांनी एकमेकांच्या लग्नाला जाणं सोडलं होतं. आमच्यात याहून मोठी शिवी नाही. तोंडातून शब्द काढावा लागत नाही. नुसता खराटा उचलायचा.

आता भाऊसाहेबांच्या मुलीचं लग्न. पंगतीला जागा पुरत नव्हती म्हणून ते स्वतः आमच्या गल्लीत आले. हात जोडून आले. माय तेव्हा वस्तीत मोठी मानली जायची. तिला म्हणाले, "मावशी, पटांगन देता का लग्नाले?"

"घ्या ना भाऊ. इचारता कायले? लेक सगळ्याईचीच असते," माय म्हणाली. "फकत मंग झाडून द्याव लागते. आमच्यात तशी रीत हाय."

"हाव, हाव," भाऊसाहेब म्हणाले आणि हसले. तेव्हा आम्हाला ते हसणं म्हणजे होकार वाटला.

लग्न झालं. मांडव निघाला. पटांगणात द्रोण, पत्रावळ्या, प्लास्टिकचे ग्लास, सांडलेलं वरण, वरणावर माशा, माशांवर कुत्री. आज येतील, उद्या येतील म्हणून आम्ही वाट पाहिली. कोणी आलं नाही. निंबाखाली बसता येईना. मेथी घरात पिवळी पडायला लागली.

तेव्हा सुलाकाकू बोलली. सुलाकाकू आमची शेजारीण. तिच्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "चला वं, आपनच झाडू तेच्या वाटचं. सगळ्याईनं मिळून झाडू. कळू द्या तेले, तेच्या घरात कोनी जित्तं नाई म्हून."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एवढी मोठी शिवी, आणि एवढ्या मोठ्या माणसाला! मायनं पहिला खराटा उचलला. मागून आम्ही सगळ्या. भर सकाळी, भाऊसाहेबांच्या गच्चीवरून नीट दिसेल अशा. मी इतकी खूश होते की काय सांगू. मला वाटलं, आता हा माणूस महिनाभर तोंड दाखवणार नाही.

दुपारी त्यांच्या घरून घमेलंभर बुंदी आली. लग्नातली, उरलेली. आणणारा गडी म्हणाला, "भाऊसाहेब लय खुश झाले. बायका कामाच्या हायेत म्हने."

सुलाकाकूचं तोंड बंद झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बुंदी लेकरांनी खाल्ली. शिवी त्या घरापर्यंत पोचलीच नव्हती. पोचणार कशी? त्यांच्या घरी झाडणारी बाई रोज येते. जन्मल्यापासून त्यांच्या वाटचं दुसरंच कोणीतरी झाडत आलेलं. जी आमची सगळ्यात मोठी शिवी, ती त्यांची रोजची सोय होती.

तेव्हाच कोणीतरी जाऊन सांगायला पाहिजे होतं. भाऊसाहेब, ही चाकरी नव्हे, हा अपमान आहे. कोणी गेलं नाही. मोठा माणूस, हात जोडून आलेला, कसं बोलायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. भीड आम्ही धरली आणि भीक आमच्या दारात घमेल्यानं आली.

पुढचं सगळं त्या बुंदीच्या वाटेनंच गेलं. पहिल्या वेळी विचारायला आले होते. नंतर नुसता निरोप यायला लागला. मग निरोपही बंद झाला. कधी सत्कार, कधी हळदीकुंकू, कधी कुणाचं निवडून येणं. मांडव पडायचा, मांडव उठायचा, घाण तशीच. घाणीत भाजी बांधता येत नाही म्हणून बायका झाडायच्या. आता त्यात हसणंही उरलं नव्हतं. म्हणता म्हणता गावानं धरून घेतलं की माळीपुऱ्यातल्या बायका पटांगण झाडतात. झाडतात म्हणजे त्या झाडणाऱ्या. झाडणाऱ्या म्हणजे त्या कामाला ठेवलेल्या. आणि कामाला ठेवलेल्या बाईची जागा असते का कुठं? जागा मालकाची असते.

मग बाग आली. तिला सौंदर्यीकरण म्हणतात. चारी बाजूंनी कंपाउंड, लोखंडी गेट, लॉन, व्यायामाची पिवळी-निळी मशीनं, एक सेल्फी पॉइंट. निंबाच्या बुंध्याला पांढरे आणि गेरूचे पट्टे. आम्हाला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. वाटलं, आपल्या पटांगणाचं नशीब उघडलं. आमच्या घरांतून मजुरांना चहा जायचा. मायला स्टेजवर बोलावणार हे कळलं तेव्हा तिनं मला बसवून डोक्याला तेल लावून घेतलं. तिला वाटलं, पटांगण सांभाळणाऱ्यांचा मान करणार आहेत. पुढं स्टेजवर काय झालं ते मी सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही भाजीच्या पाट्या घेऊन गेलो तर गेटवर माणूस. गणेश. माझा चुलत दीर. अंगात नवा खाकी शर्ट, बाह्या लांब झालेल्या.

"वयनी, भाजी आत न्याची नाई. घान होते म्हनतात."

"कोन म्हनते? जलमापासून इथीच बांधून राह्यलो नं बापा आपन. तुह्या मायनं इथीच बांधली भाजी."

"मले काऊन बोलता? मले सांगतलं तेवळं मी सांगून राह्यलो. माह्या पोटावर पाय नका देऊ."

त्याचंही खोटं नव्हतं. त्याच्या घरी खाणारी तोंडं होती, आणि भाऊसाहेबांनी गेटवर ठेवायला माणूस आमच्याच गल्लीतला निवडला होता. परक्याला आम्ही ढकलून आत गेलो असतो. गणेशला कसं ढकलणार?

मग भाऊसाहेबांनी उपकार केला. बागेच्या मागच्या बाजूला नवीन संडास बांधला होता, त्याच्या भिंतीमागून नाली वाहते. तिथला कोपरा आम्हाला दिला. जाण्यायेण्याला मागून वेगळं फाटक. कोपऱ्यात बसून भाजी बांधायची, बदल्यात रोज सकाळी बाग झाडायची. माय हो म्हणाली. सगळ्या हो म्हणाल्या. मीही. बसायला तर मिळालं, असं आम्ही एकमेकींना सांगितलं.

तिथं भिंतीची सावली होती. वारा नव्हता. वास होता. लॉनवर कॉलनीतल्या बायका बूट घालून गोल गोल फिरायच्या आणि आमच्या अंगाला आल्या की ओढणी नाकाला जायची. आम्ही मान खाली घालून जुड्या बांधायचो. निंबाखाली बसायचो तेव्हा एकीनं गाणं काढायचं, दुसरीनं तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन चिडवायचं, असं चाले. नालीजवळ कोणीच कोणाला चिडवत नव्हतं.

एक दिवस मी कॉलनीच्या तोंडाशी पाटी घेऊन बसले होते. माझी नेहमीची एक गिऱ्हाईक आली. शिक्षिका आहे, चांगली बाई आहे, घासाघीस करत नाही. मेथीची जुडी हातात घेतली. वास घेतला. परत ठेवली.

"तुम्ही नालीजवळ बसून बांधता ना?" ती म्हणाली. "मी रोज बघते, वॉकला जाते तेव्हा."

आवाजात राग नव्हता. मी तिच्या जागी असते तर मीही ती मेथी घेतली नसती. हेच मला जास्त झोंबलं. आमच्या मेथीला घाण आमच्या हातानं लागली नव्हती. आम्हाला आधी घाणीत नेऊन बसवलं आणि मग आम्ही घाण ठरलो. आणि त्या घाणीत बसायला मिळावं म्हणून आम्ही रोज सकाळी त्यांचा केरकचरा काढत होतो. मी ती जुडी हातात धरून बसून राहिले. मला मायनं पुसलेला तो बाक आठवला आणि माझं डोकं भणाणलं. वाटलं, ही पाटी उचलून कोणाच्या तरी दारात आपटावी. कोणाच्या, ते मला चांगलं ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात भाऊसाहेबांच्या नातवाचा वाढदिवस झाला, लॉनवर. दुसऱ्या सकाळी गणेश मायच्या दारात. मी मायकडेच होते, कारण तिला ताप होता.

"मावशी, लवकर झाडाले बलावलं. पावने फोटो काढाले येनार हायेत म्हने."

माय भिंतीला धरून उठायला लागली.

"बस," मी म्हटलं.

"उठाव लागते वं. कोपरा जाईन आपला."

"बस म्हनलं नं!"

मी तिच्याशी असं कधी बोलले नव्हते. ती बसली. मी खराटा न घेता निघाले.

लॉनभर थर्माकोलच्या ताटल्या, केकचा राडा, फुटलेले फुगे. भाऊसाहेब पाहुण्यांसोबत सेल्फी पॉइंटपाशी उभे होते. त्यांचा मुलगाही होता. मला पाहून भाऊसाहेब म्हणाले, "काय वं, माय कुठी हाय तुही? अन् खराटा?"

"तुमी वापरलं. तुमी झाडा."

त्यांना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. "काय म्हनली?"

"पटांगनाचा नेम हाय. ज्यानं वापरलं त्यानं झाडावं, सोताच्या हातानं. तुमच्या लेकीच्या लग्नात माह्या मायनं तुमाले सांगतलं होतं. तुमी हाव म्हनले होते."

ते पाहुण्यांकडे वळून हसले. "डोक्सं फिरलं हिचं."

मी बोलले. लग्नानंतरच्या त्या सकाळपासून आम्ही सगळ्या बायकांनी जे पदराआड ठेवलं होतं ते बोलले.

"आमच्यात दुसऱ्याच्या वाटचं कवा झाडतात, मालूम हाय? तेच्या घरात कोनी जित्तं नसलं तं झाडतात. आमी तुमची चाकरी नोती केली, भाऊसाहेब. आमी तुमाले मेलेले समजून झाडत होतो."

त्या क्षणी शिवी पोचली. मी ती पोचताना पाहिली. त्यांचं हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. एक पाहुणा मोबाइलमध्ये बघायला लागला. मग त्यांचा मुलगा माझ्या अंगावर आला.

"लायकीत राह्य! कोनाशी बोलून राह्यली तू?"

त्यानं माझा दंड धरला आणि मला गेटपर्यंत ओढत नेलं. बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं. गणेशनं गेट उघडलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी बाहेर रस्त्यावर उभी राहून मनगटातली बांगड्यांची काच काढली. शूर वगैरे काही नव्हते मी. घरी जाऊन आतून कडी लावून घेतली.

पण दुपारी भाजी आली. मी पाटी डोक्यावर घेतली आणि पुढच्या गेटातून आत शिरले. गणेश म्हणाला, "वयनी..." मी म्हटलं, "बाजूले हो." तो झाला. मी लॉनवर, निंबाखाली, बाक सोडून जमिनीवर बसले आणि जुड्या बांधायला घेतल्या. पहिल्या जुड्या सैल झाल्या, त्या सोडून परत बांधल्या. थोड्या वेळानं शेजारी पाटी आदळली. सुलाकाकू.

"सरक वं तिकडे. सावली का तुह्या बापानं लेकीले आंदन देली?"

तिच्या मागून आणखी आल्या. सगळ्या आल्या नाहीत. निम्म्या आल्या असतील. बाकीच्या कंपाउंडच्या बाहेर जाळीला तोंड लावून उभ्या राहिल्या. आम्ही भाजी बांधली. कितीतरी दिवसांनी मानेला वारा लागला. सुलाकाकूनं कोणाच्या तरी नवऱ्याचं नाव घेतलं आणि बायका हसल्या. तेवढंच. तेवढंच मिळालं त्या दिवशी.

भाऊसाहेबांचा मुलगा माणसं घेऊन आला. त्यांनी पाट्या उचलल्या आणि एकेक करून रस्त्यावर फेकल्या. येणारा ट्रॅक्टर थांबला नाही. मेथी, पालक, सांबार, सगळं चाकाखाली. सुलाकाकू पाटी सोडेना, तिचा हात पिरगळला गेला, मनगटाचं हाड मोडलं. मग पोलीस आले. त्यांनी आम्हाला विचारलं, बागेत बसायची परवानगी होती का? भाजी रस्त्यावर फेकायची परवानगी कोणाकडे होती, हे त्यांनी कोणालाच विचारलं नाही. मी विचारलं, तर म्हणाले, जास्त बोलू नका बाई.

संध्याकाळी गेटला कुलूप लागलं. देखभालीसाठी बंद, असा बोर्ड. मागचं फाटकही बंद. आता कोणीच आत जात नाही. कॉलनीतल्या बायका चिडल्या, त्याही आमच्यावरच. माझा नवरा टेम्पो चालवतो, भाऊसाहेबांच्या कापसाचं भाडं त्याला मिळायचं, ते तुटलं. मला आत सोडलं म्हणून गणेशला काढलं. त्याची बायको नळावर माझ्यानंतर पाणी भरते, पण बोलत नाही. भाजी घराघरांत बांधतात, पिवळी पडते, पडेल त्या भावात जाते. ज्या बायका त्या दिवशी माझ्या शेजारी येऊन बसल्या होत्या, त्यांतल्याही काही आता मला पाहून रस्ता बदलतात.

आणि माय. ताप उतरल्यावर ती पहिलं वाक्य हे बोलली, "होता तो कोपरा बी घालवला तुनं."

"माय, तेनं तुले बाकावरून उठवलं होतं. तू बाक पुसला तुह्या पदरानं."

"उठवलं तं उठवलं. उठवल्यानं मानूस मरत नाई. भाजी नाई इकली तं मरते."

तिनं आयुष्यभर त्या हिशेबानं आम्हाला जगवलं, तिचा हिशेब मी खोटा कसा म्हणू? पण तो हिशेब मी पुढं चालवणार नाही.

परवा वस्तीतली मोठी माणसं आमच्या घरी येऊन बसली. भाऊसाहेबांचा निरोप होता. मी त्यांच्या घरी जायचं, त्या पाहुण्यांना ते पुन्हा बोलावतील, त्यांच्यासमोर हात जोडायचे आणि चुकलं म्हणायचं. मग कुलूप निघेल. कोपरा परत मिळेल. वर टिनाचं शेडही टाकून देतील.

"लय तानू नोको पोरी," एक म्हातारे काका म्हणाले. "शबदच तं हायेत. बोलून टाक."

"शबदच हायेत तं तेले काऊन पाह्यजे?"

मग ते काका म्हणाले, "वस्ती तुह्या मांगं राहनार नाई मंग. आधीच सांगतो."

माझा नवरा खाली मान घालून बसला होता. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. माय दाराशी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत विनवणी होती, आणि आयुष्यात तिनं मला कधी काही मागितलं नव्हतं. मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं. डोळे पुसले आणि सांगितलं, "काका, मी येनार नाई. तेले सांगा, कोपरा नोको. शेड नोको. पटांगन पाह्यजे. सगळं. गेट काढून."

माणसं चहा न घेता उठून गेली. माय तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

काल दुपारी मी भाजी घेऊन कुलपाच्या समोर, रस्त्यावर बसले. एकटीच होते. सुलाकाकूच्या हाताला प्लास्टर आहे. ऊन होतं. मेथीनं मान टाकली. येणारे जाणारे विचारत होते, इथं काऊन बसली? मी सांगत होते. हळू आवाजात सांगत नव्हते. भाऊसाहेबांची गाडी दोनदा गेली, मी दोन्ही वेळा त्यांचं नाव घेऊन सांगितलं.

आज पुन्हा बसणार आहे. पाटी फेकली तर वेचून परत बांधणार. पोलीस घेऊन गेले तर सुटल्यावर इथंच येणार. वस्ती मागं उभी राहिली तर बरं, नाही राहिली तर तिच्याशिवाय. गेट निघेपर्यंत मी या रस्त्यावरून उठणार नाही. माय मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही, तरी उठणार नाही.